अंजीर आणि सीताफळ एकाच घरच्या बागेत: बहार धरण्यापासून पट्टी हातात येईपर्यंत

पुण्याजवळच्या पुरंदर तालुक्यात, सासवड, दिवे, सोनोरी, गुऱ्होळी या पट्ट्यात एकाच घरात अंजीर आणि सीताफळ दोन्ही असणं काही नवीन नाही. दोन फळं म्हणजे दोनदा पैसा, हा हिशेब बरोबर आहे. गणित चुकतं ते बहार धरताना, म्हणजे पाणी तोडून, छाटणी करून आणि पुन्हा पाणी सोडून झाडाला आपल्याला हव्या त्या वेळी फुलं-फळं आणायला लावताना. शेजाऱ्याने छाटणी केली की आपणही कात्री घेऊन बागेत शिरतो. मग चार-सहा महिन्यांनी दोन्ही फळं एकदम तोडायला येतात. घरात माणसं पाच, त्यातलं एक आजारी आणि एक परीक्षेला बसलेलं. आमच्याकडे एका वर्षी हेच झालं. पिकलेले अंजीर झाडावर उकलले आणि आम्ही शेजारच्या प्लॉटमध्ये सीताफळं भरत बसलो होतो. त्या वर्षी औषधाला, खताला कुठेही कमी केलं नव्हतं. कमी पडले ते हात.

म्हणून खालचा क्रम लागवडीचा नाही. तीन-चार वर्षांपुढची, फळ देणारी बाग आहे असं धरून तो लिहिला आहे.

## टप्पा १: काढणीपासून उलटं मोजत या

बहार धरण्याच्या निदान महिनाभर आधी वही घेऊन बसा. घरातली सगळी माणसं त्या बैठकीत हवीत, बायकासुद्धा. प्रतवारी आणि भरणी बहुतेक घरांत त्याच करतात, आणि दिवसाला किती माल हातावेगळा होतो ते त्यांनाच नेमकं माहीत असतं.

आधी हात मोजा. सकाळी सहा ते नऊ या वेळात घरचा एक माणूस किती किलो अंजीर नीट तोडतो, हे मागच्या हंगामातलं आठवून लिहा. आठवत नसेल तर या हंगामात एक दिवस वजन करून ठेवा. समजा, दीडशे झाडं आहेत आणि झाडामागे २५ किलोची अपेक्षा आहे. एकूण माल झाला ३,७५० किलो. तो दोन महिन्यांत सारखा निघत नाही. निम्मा माल मधल्या वीस दिवसांत येतो असं धरलं तरी रोजचे ९४ किलो झाले. तुमचा माणूस तीन तासांत ४० किलो तोडत असेल तर तोडायलाच तिघं लागतात, शिवाय भरायला दोघं आणि गाडीवर एक. आकडे तुमचे घाला, पण आकडे घाला.

मग पाणी. विहिरीची मेअखेरची पातळी हाच खरा आकडा; दिवाळीतली विहीर पाहून कुणीही बहार धरू नये. मे महिन्यात मोटर दिवसाला किती तास चालते आणि त्यात किती झाडं भिजतात, तेवढ्याच झाडांचा उन्हाळी बहार धरायचा.

तपासणी: ताशी ४ लिटरच्या ड्रिपरखाली बाटली धरा. १५ मिनिटांत एक लिटर भरली पाहिजे. लाइनच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी असं तीन ठिकाणी करा. शेवटची बाटली अर्धीच भरली तर तिथल्या झाडांचा बहार तुम्ही धरलेलाच नाही, असं समजा.

## टप्पा २: बहारांची जोडी ठरवा

अंजिराचे दोन बहार. खट्टा: जूनमध्ये छाटणी, साधारण नोव्हेंबर ते जानेवारी फळ. मीठा: सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छाटणी, मार्च ते मे फळ. सीताफळाचेही ढोबळ दोन: जानेवारी-फेब्रुवारीत पाणी सोडून धरलेला उन्हाळी बहार, ज्याची फळं जून-जुलैपासून येतात, आणि पावसावर येणारा, ज्याची फळं सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये.

यातून जोड्या लावायच्या.

उन्हाळ्यात पाण्याची खात्री आहे, हातही बरे आहेत: खट्टा अंजीर आणि उन्हाळी सीताफळ. दोन्ही काढण्यांमध्ये चांगलं अंतर पडतं. अंजिराची छाटणी मात्र जूनच्या पहिल्या आठवड्यात उरका, नाहीतर सीताफळाच्या तोडीत ती रेंगाळते.

उन्हाळ्यात विहीर तळ गाठते: खट्टा अंजीर आणि पावसाळी सीताफळ. जानेवारीत सगळं मोकळं होतं आणि कडक उन्हाळा झाडं विश्रांतीत काढतात. अडचण नोव्हेंबरची. सीताफळाचा शेवट आणि अंजिराची सुरुवात एकमेकांवर येतात, आणि त्याच सुमारास दिवाळी करून गावाला गेलेले मजूर परतलेले नसतात.

मीठा अंजीर आणि पावसाळी सीताफळ: अंजिराची गोडी चांगली आणि तांबेऱ्याचा, म्हणजे पानांवरच्या रोगाचा, त्रास कमी. पण सीताफळ तोडायचं आणि अंजीर छाटायचं काम एकाच वेळी येतं, आणि उन्हाळ्यात अंजिराला पाणी लागतं. घरात छाटणीचा जाणता माणूस एकच असेल तर ही जोडी नको.

मीठा अंजीर आणि उन्हाळी सीताफळ ही जोडी मी कुणालाच सांगणार नाही. एप्रिलमध्ये एका फळाची काढणी आणि दुसऱ्याची फूलगळ, दोन्ही एकाच विहिरीवर. त्यात लग्नसराई.

सावध: एकाच झाडावर वर्षात दोन्ही बहार घेण्याचा मोह टाळा. दर थोडा वाढला की हा सल्ला हमखास ऐकू येतो. झाड एक-दोन वर्षं देतं, मग फांद्या वाळायला लागतात. दोन्ही बहार हवेच असतील तर प्लॉट वेगळे करा.

पालखीची तारीखही कॅलेंडरवर आताच लिहा. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी दिवे घाट चढून सासवडला मुक्कामी येते तेव्हा घाटातली वाहतूक बंद असते. उन्हाळी सीताफळ तेव्हा तोडीला आलेलं असेल तर पुण्याचा माल आदल्या दिवशी काढायचा की बोपदेव घाटाने न्यायचा, हे त्या दिवशी पहाटे ठरवू नका.

## टप्पा ३: ताण

ताण म्हणजे बहारासाठी झाडाचं पाणी काही दिवस बंद ठेवणं, झाड मारणं नव्हे. पाणी एकदम तोडू नका. आठ-दहा दिवसांत कमी करत बंद करा. हलक्या मुरमाड जमिनीत महिना-सव्वा महिन्यात पानं पिवळी पडून गळू लागतात. भारी जमिनीत जास्त दिवस लागतात, आणि मध्येच अवकाळी पाऊस झाला तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. कॅलेंडर बघून ताण तोडणारे इथेच फसतात. तारीख झाडावर वाचायची असते.

तपासणी: निम्म्याहून जास्त पानं गळलीत का? बोटाएवढ्या फांदीची साल नखाने खरवडली तर आत हिरवं दिसतं का? दोन्हीला होय असेल तर ताण बसला. आत तपकिरी, कोरडं दिसलं तर उशीर झाला, लगेच हलकं पाणी द्या.

खट्ट्या अंजिराला फेब्रुवारी ते मे विश्रांती असते. त्या काळात पाणी पूर्ण तोडण्यापेक्षा झाड जगेल इतकं अधूनमधून द्यावं.

## टप्पा ४: छाटणी

दोन्ही फळांची छाटणी एकाच हाताने, एकाच पद्धतीने करणं ही फार मोठी चूक आहे.

सीताफळ: आधी मेलेलं काढा. वाळक्या काड्या, एकमेकांवर घासणाऱ्या फांद्या, जमिनीला टेकणाऱ्या फांद्या आणि मागच्या वर्षीची काळी, दगडासारखी झालेली फळं. ही काळी फळं झाडावर शोभेला राहिली की पुढच्या पावसात रोग तिथूनच सुटतो. ती गोळा करून बागेबाहेर जाळा किंवा खोल पुरा. बांधावर टाकलेली मोजत नाही. मग आत ऊन आणि वारा खेळेल इतकी विरळणी करा. झाडाखाली उभं राहून वर पाहा, आकाशाचे तुकडे दिसले पाहिजेत.

अंजीर: इथे फळ नव्या फुटीवर, पानाच्या बेचक्यात येतं. म्हणून मागच्या हंगामाच्या फांदीचा शेंडा छाटून खाली चांगले डोळे, म्हणजे फूट येण्याच्या जागा, ठेवायचे. फांद्या सरळ वर गेल्या असतील आणि खालचे डोळे झोपलेले असतील तर डोळ्याच्या वर सालीला खाच पाडतात. डोळा जागा होऊन बाजूला फूट येते. एका फांदीवर दोन-तीन खाचा पुरे. खाच सालीपुरती असावी, लाकडात घुसू देऊ नका.

अंजिराची छाटणी जोरदार केली की फूट भरमसाट येते, फळ उशिरा येतं आणि घरचे खूश होतात की बाग हिरवीगार झाली. बाजारात पानं विकत नाहीत.

सावध: कात्री रोगट झाडावरून सरळ निरोगी झाडावर नेऊ नका. फडकं आणि जंतुनाशकाचा डबा कमरेला असू द्या.

## टप्पा ५: त्याच दिवशी बोर्डो

छाटणी आणि बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक मिश्रण) यांच्यात आठवडा जाऊ देणं ही घरच्या बागेतली नेहमीची ढिलाई. छाटलेली जखम म्हणजे उघडं दार. जितकं छाटाल तितक्यावर संध्याकाळपर्यंत फवारणी झाली पाहिजे, मग रोज पंचवीसच झाडं छाटा.

एक टक्का मिश्रण: १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. दोन्ही प्लास्टिकच्या वेगळ्या पिंपांत विरघळवा, चुना थंड होऊ द्या, गाळा आणि मग एकत्र करा. लोखंडी भांडं चालणार नाही. जाड फांद्यांच्या कापावर आणि खोडाला पेस्ट लावायची: तेच एकेक किलो, पण १० लिटर पाण्यात.

तपासणी: मिश्रणात स्वच्छ लोखंडी सळई किंवा चाकू दोन-चार मिनिटं बुडवा. त्यावर तांबूस थर आला तर मोरचूद मोकळं आहे. चुन्याची निवळी थोडी थोडी घालून पुन्हा पाहा. न तपासता मारलं तर फूट करपते. उरलेलं मिश्रण उद्यासाठी ठेवायचं नाही.

## टप्पा ६: खत, मग पाणी

क्रम असा: आळी (बुंध्याभोवतीची गोल जागा) चाळून घ्या, कुजलेलं शेणखत घाला, माती परीक्षणाप्रमाणे खताचा पहिला हप्ता द्या, आच्छादन पसरा आणि मगच पाणी सोडा. शेणखत अर्धं कच्चं असेल तर त्याबरोबर मुळं खाणारी हुमणी अळी घरात आणाल.

पहिलं पाणी हलकं. ताणातून निघालेल्या झाडाला एकदम भरपूर पाणी दिलं तर कळीऐवजी नुसती पालवी सुटते. तीन-चार पाळ्यांत हळूहळू वाढवत न्या.

अंजिरात फळ फुगवणीला लागलं की पाण्याची घडी मोडू नका. चार दिवस कोरडं आणि पाचव्या दिवशी मोकाट पाणी, असं झालं की फळ उकलतं. वीज गेल्याने पाळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट पाणी देऊन भरपाई करायची नसते.

## टप्पा ७: सीताफळाची फळधारणा

अंजिराला परागीकरण लागत नाही, पुण्याकडची जात आपोआप फळ धरते. सगळं नाटक सीताफळाचं. त्याचं फूल आधी मादी असतं आणि नंतर नर होतं. मादी अवस्थेत पाकळ्या जेमतेम उघडलेल्या असतात आणि आतला भाग ओलसर, चमकदार दिसतो. पाकळ्या पूर्ण फाकल्या की परागकण मोकळे होतात, पण तोवर त्याच फुलाची मादी बाजू संपलेली असते. एका फुलातून दुसऱ्यात पराग नेतात ते बारीक भुंगे. म्हणून फुलोऱ्यात कीटकनाशकाची 'एक सहज फवारणी' म्हणजे आपणच आपलं फळ कमी करणं.

हाताने परागीकरण करायचं असेल तर आधी वीस-पंचवीस झाडांवरच करून पाहा:

1. संध्याकाळी पूर्ण उघडलेली नर फुलं तोडा, कागदावर पसरा आणि पराग काचेच्या कोरड्या बाटलीत झाडून घ्या.
2. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत अर्धवट उघडलेली फुलं शोधा.
3. पाकळ्या बोटांनी हलक्या दूर करून चित्रकलेच्या मऊ ब्रशने पराग आत चौफेर फिरवा. एका बाजूलाच लागले तर फळ एका बाजूलाच वाढतं.
4. केलेल्या फुलाला रंगीत दोरा बांधा, नाहीतर किती लागली याचा पत्ता लागत नाही.

हे काम घाईच्या माणसाचं नाही. आमच्याकडे आईचा हात सगळ्यांत चांगला बसला. मी नुसत्या पाकळ्या मोडल्या.

एप्रिल-मेचा कोरडा वारा फुलं झाडतो. पश्चिमेच्या बांधाला शेवरी किंवा गिरिपुष्प असेल, खाली आच्छादन असेल आणि पाणी थोडं थोडं पण वेळेवर असेल, तर गळ आटोक्यात राहते. फळं लिंबाएवढी झाली की वाकडी, दबलेली आणि झुबक्यातली जास्तीची काढा. जीव तुटतो, पण काढा.

## टप्पा ८: दोन शत्रू

रोग-किडींची यादी मोठी आहे, पण घरं बुडतात ती दोघांमुळे.

सीताफळावरची पिठ्या ढेकूण ही कीड. त्याला झाडावर फिरवतात मुंग्या, म्हणून आधी मुंग्यांची वाट तोडा. खोडाला जमिनीपासून फूटभर उंचीवर प्लास्टिकची पट्टी गुंडाळा आणि तिच्यावर चिकट ग्रीस लावा. ग्रीस थेट सालीला नको. जमिनीला टेकलेली एक फांदीही राहिली तर पट्टीचा उपयोग शून्य. ढेकूण फळाच्या डोळ्यांत, म्हणजे फुगीर भागांमधल्या खाचांत, शिरल्यावर कुठलंही औषध नीट पोहोचत नाही. पावसाळ्यात हवेत ओल असताना व्हर्टिसिलियमसारखी जैविक बुरशी चांगलं काम करते, कोरड्या उन्हाळ्यात नाही.

अंजिराचा तांबेरा. ढगाळ, दमट हवेत पानाच्या खालच्या बाजूला विटकरी पूड दिसते आणि पंधरवड्यात झाड उघडं पडतं. पान गेलं की फळाला गोडी कुठून येणार? खट्टा बहार घेणाऱ्याने फवारणी रोग दिसायच्या आधी सुरू करायची, आणि पानांच्या खालून. गळलेली पानं दर आठवड्याला गोळा करा.

सावध: औषधाच्या लेबलवर 'शेवटची फवारणी ते काढणी' असे दिवस लिहिलेले असतात. ते वहीत लिहा. अंजीर सालीसकट खातात.

## टप्पा ९: काढणी

अंजीर तोडल्यावर नीट पिकत नाही, सीताफळ पिकतं. या एका फरकावर सगळी काढणी उभी आहे.

अंजिराची मान झुकली, हिरवा रंग जाऊन तांबूस-जांभळट छटा आली आणि बोटाला किंचित मऊ लागलं की तोड. सकाळी लवकर, दररोज किंवा एक दिवसाआड. देठ धरून हलका पीळ द्यायचा, फळ दाबायचं नाही. हातमोजे आणि पूर्ण बाह्या हव्यातच; चीक अंगाला लागला की खाज सुटते. तोडणाऱ्या मुलांना डोळे चोळू नका म्हणून रोज सांगा. खोक्यात खाली पानं, वर एकच थर. दुसरा थर रचला की खालचा घरीच खायचा.

सीताफळाचे डोळे उघडले, म्हणजे फुगलेल्या फुगीर भागांमधल्या खाचा रुंद होऊन तिथे पिवळट-पांढरा रंग दिसू लागला की तोड. कात्रीने, छोट्या देठासकट. हाताने ओढलं तर देठाजवळ भोक पडतं आणि फळ तिथून सडतं. बाळानगरसारख्या जातीत डोळे उघडल्यावर वेळ फार नसतो. बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्याच्या नवनाथ कसपटे यांची एनएमके-१ गोल्डन जास्त टिकते, म्हणून लांबच्या बाजाराला ती बरी. तोडलेलं कच्चं सीताफळ घरच्या फ्रिजमध्ये ठेवू नका. साल काळी पडते आणि आत धड पिकत नाही.

तपासणी: पहिल्या तोडीच्या आदल्या दिवशी प्लॉटमधली पाच-सहा फळं तोडून घरात ठेवा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सगळीकडून सारखी मऊ झाली तर तुमची नजर बरोबर आहे. देठाकडे कडक राहिली तर अजून थांबा.

## टप्पा १०: प्रतवारी आणि पट्टी

प्रतवारी बागेतच सावलीत करा. तीनच प्रती ठेवा: मोठं डौलदार, मध्यम, आणि गराला जाणारं. वर मोठी आणि खाली बारीक फळं भरायची जुनी खोड असेल तर सोडा. गाळ्यावर आपल्या नावाची खोकी चार दिवसांत ओळखली जातात, चांगल्या नावानेही आणि वाईट नावानेही. पिकायला आलेलं सीताफळ पुण्याच्या गुलटेकडी बाजाराला पाठवण्यापेक्षा गर काढणाऱ्याला जवळ द्या. दर कमी दिसतो, पण गाडीभाडं आणि सडलेला माल वजा केला की तोच जास्त पडतो.

पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाची चिठ्ठी, आली की बेरीज बघून खिशात घालू नका. वजन, नग, दर, हमाली, तोलाई, भाडं हे सगळं वाचा. २०१६ पासून फळं-भाजीपाल्याची आडत (आडत्याचं कमिशन) शेतकऱ्याकडून नव्हे, खरेदीदाराकडून घ्यायची असा नियम राज्यात आहे. तरीही ती वेगळ्या नावाने कापली जात असेल तर विचारा, तेही लगेच, महिन्याभराने नव्हे.

अख्खी बाग मक्त्याने देणार असाल तर कोणत्या तारखेपर्यंत तोड, पाणी कुणाचं, गारपीट झाली तर काय आणि इसार किती, हे कागदावर घ्या. ओळखीच्या माणसाबरोबर तर नक्कीच घ्या.

## टप्पा ११: घरची वही

दोन फळांना दोन वह्या. एकत्र हिशेबात अंजिराचा नफा सीताफळाचा तोटा झाकतो, किंवा उलटं.

खर्चात घरच्या माणसांची हजेरी गावातल्या मजुरीच्या दराने लिहा. पैसे द्या न द्या, पण लिहा. आमच्या वहीत पहिल्या वर्षी ही हजेरी चढवली तेव्हा कळलं की सगळ्यांत जास्त दिवस दोन्ही जावांचे होते आणि उचल सगळी आम्हा भावांची. दुसऱ्या वर्षापासून भरणीचे पैसे आठवड्याला त्यांच्या खात्यावर जातात. भांडणं थांबली नाहीत, पण विषय बदलले.

ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाइलवरून करायच्या पिकाच्या सरकारी नोंदीत, बाग नोंदवली आहे का ते दर हंगामात पाहा. जमीन वडिलांच्या नावावर आणि मोबाइल मुलाच्या हातात, अशा घरांत ही नोंद हमखास राहते, आणि गारपिटीच्या पंचनाम्याच्या दिवशीच आठवते.

शेवटचं पान पुढच्या वर्षासाठी कोरं ठेवा. त्यावर फक्त तीन तारखा: पहिली तोड, सगळ्यांत जास्त माल निघाला तो दिवस, आणि मजूर आले नाहीत ते दिवस. पुढच्या बैठकीत आधी हेच पान उघडायचं.